पाठांतर आणि पायवाट

पाचोडच्या आमच्या घराची ओसरी फार मोठी नाही. एका बाजूला धान्याची कोठी, दुसऱ्या बाजूला आजीची बाज आणि मध्ये दोन सतरंज्या मावतील एवढीच मोकळी भुई. मार्च २०२० पासून पुढची जवळजवळ पावणेदोन वर्षे ह्या भुईवर आमच्या दोन मुलांची शाळा भरली. त्या शाळेचे शिक्षक आम्ही उभयतां होतो असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु खरे सांगायचे तर मुख्याध्यापिका आजी होती आणि आम्ही तिचे मदतनीस होतो.

महामारीमुळे शाळांना कुलपे लागली तेव्हा थोरली दुसरीत होती. धाकटा अंगणवाडीतून जूनमध्ये पहिलीत जाणार होता. त्याचे दप्तरही आम्ही घेऊन ठेवले होते. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी शासनाची घोषणा झाली. फोनवर धडे येऊ लागले, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिकाही लागू लागली. त्यामागच्या लोकांचे श्रम आम्ही कमी लेखत नाही. परंतु आमच्या घरी फोन एकच. तो दिवसभर बागेत आमच्याबरोबर असे, आणि घरी असला तरी त्याला रेंज मिळण्यासाठी माळवदावर चढावे लागे. चर्चही बंद होते. थोरलीच्या प्रथम कम्युनियनची तयारी त्याच वर्षी सुरू व्हायची होती. अक्षर, अंक आणि प्रार्थना, तिन्ही गोष्टी एकाएकी आमच्या दारात येऊन बसल्या.

एका संध्याकाळी आजीनेच वाट काढली. ती म्हणाली, “पुस्तक नसलं तर नसू द्या. लेकरांचं तोंड तर हाय ना?”

आजीचे माहेर घोगरगावच्या बाजूचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी त्या भागात आले आणि खेड्यापाड्यांतून फिरू लागले. त्यांच्या हाताखालचे कॅटेकिस्ट, ज्यांना लोक ‘मास्तर’ म्हणत, संध्याकाळी कामावरून परतलेल्या माणसांना एकत्र बसवून प्रार्थना आणि प्रश्नोत्तरे म्हणून दाखवीत, आणि लोक त्यांच्यामागून म्हणत. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आजीलाही शेवटपर्यंत नव्हती. परंतु दहा आज्ञा, सात संस्कार, दयेची सात कृत्ये, जपमाळेची सारी रहस्ये तिला अशी मुखोद्गत होती की मध्येच कोठून विचारले तरी तेथून पुढे ती न अडखळता म्हणे. आजोबांकडून तिने आणखी एक विद्या ऐकून ऐकून उचलली होती: पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. औटकीपर्यंतचे हे पाढे आम्हांलासुद्धा धड येत नव्हते.

रोज दिवेलागणीला जपमाळ होई आणि तिच्या पाठोपाठ आजीचा वर्ग. ती एक ओळ म्हणे, मुले ती तीनदा म्हणत. दुसऱ्या दिवशी नवी ओळ देण्याआधी जुनी ऐकली जाई. चुकले तर रागावणे नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे, एवढीच शिक्षा. सहा महिन्यांत मुलांची तोंडे अशी काही धावू लागली की आम्ही थक्क झालो.

थक्क झालो, पण मनातून बेचैनही झालो, हे कबूल केले पाहिजे. आमची पिढी ‘घोकंपट्टी’ हा शब्द शिवीसारखा वापरायला शिकलेली. न समजता पाठ केलेले काय कामाचे, असे आम्ही एकदा आजीला विचारलेच. ती म्हणाली, “कामाचं कवा पडंल ते तुमाला आत्ताच कसं कळंल? दिवा गेला की पुस्तक दिसत नाही. पाठ असलेलं अंधारातबी दिसतं.” पाचोडला वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नसतो. आजी तेवढ्यापुरतेच बोलते आहे असे तेव्हा आम्हांला वाटले.

नंतर विचार केला तेव्हा जाणवले की आजीची पद्धत आमच्या घरापेक्षा पुष्कळ जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ गद्यात न लिहिता त्यांनी ओवीत का लिहिला असेल? ओवी ही कानाने शिकण्याची आणि तोंडाने सांभाळण्याची वस्तू आहे. ज्याच्या हाती ग्रंथ पडणार नाही, त्याच्याही घरी ती जाऊ शकते. आमच्याच तालुक्यात पैठणला नाथांनी भारुडे रचली, तीही अशीच माणसांच्या ओठांवरून चालत खेडोपाडी गेली. मराठी माणसाचे पहिले ग्रंथालय त्याचे मुख हेच होते, आणि त्या ग्रंथालयाला कुलूप लावणे कोणालाही शक्य नव्हते.

तरीसुद्धा चार भिंतींत बसून किती म्हणवून घ्यायचे? मुले कंटाळत. म्हणून टाळेबंदी थोडी सैल होताच आम्ही सकाळची वेळ फिरण्यासाठी ठेवली. कधी गल्हाटी नदीच्या पात्रात, कधी माळावर, बहुतेकदा आमच्या मोसंबीच्या बागेत. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, ही हकिगत आम्ही वाचलेली होती. मारिया माँटेसरी ह्या इटालियन बाईंची पद्धत त्यांनी घेतली. महागडी साधने मात्र घेतली नाहीत. बिया, पाने, शिंपले, खडे हीच त्यांची साधने. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. आम्हीही निंबोळ्या आणि चिंचोके गोळा करून त्यांचे दशक-शतक मांडू लागलो. बागेत मोसंबी मोजता मोजता आजीच्या पाढ्यांचा उपयोग दिसू लागला. एकदा बांधावर आलेल्या गिऱ्हाइकाने अठराच्या भावाने अडीच किलो मोसंबी घेतली. आमचा हिशेब होण्याआधीच थोरली म्हणाली, “अठरा अडीच पंचेचाळीस.” त्या दिवशी अडीचकीला अर्थ आला.

ह्या फिरण्यात हळूहळू शेजारची मुलेही येऊ लागली. त्यांना घेऊन येणारी त्यांची थोरली बहीण आठवीत होती. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात, आणि मागे धाकट्यांचे सारे तिच्याकडे असे. कडेवर तान्हे भावंड घेऊन ती आमच्या मागोमाग चाले. आमच्या मुलांना सांगितलेले तीच अधिक लक्ष देऊन ऐकते, हे आमच्या ध्यानात आले होते. पुढे तिच्याविषयी आम्हांला पुन्हा लिहावे लागणार आहे.

डिसेंबरात बागेला ताण दिला. आंबिया बहरासाठी मोसंबीच्या झाडाचे पाणी काही आठवडे तोडावे लागते. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत अधिक. पाने मलूल होतात, काही गळतात, झाड विसावते. मग मशागत करून खत व पाणी दिले की फूल लागते. धाकट्याला हे पटेना. “झाडाला तहान लागली असेल, आणि आपण पाणी का देत नाही?” असे तो रोज विचारी. फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांचा वास ओसरीपर्यंत आला तेव्हा तो गप्प झाला. परंतु त्याच वेळी आम्ही त्याला दुसरी गोष्टही सांगितली. २०१२-१३ च्या दुष्काळात ह्या भागातील कितीतरी बागा वाळून गेल्या आणि शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी झाडे तोडली. ताण आणि दुष्काळ ह्यांत फरक आहे. ताण देणारा माणूस पाणी कधी सोडायचे ते जाणतो. मुलांना पाठांतराला बसवताना हा फरक आम्हीही विसरू नये, असे तेव्हा मनात येऊन गेले. दुर्दैवाने आम्ही तो विसरलो.

पवित्र शास्त्रात अनुवाद ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने हृदयात ठेवण्याची आणि मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे. ती आम्ही अनेकदा ऐकली होती. त्या वर्षी आजीच्या वर्गासाठी पुन्हा उघडून पाहिली तेव्हा एक गोष्ट नव्याने दिसली. तेथे ती वचने घरी बसलेले असताना आणि वाटेने चालत असताना, अशा दोन्ही वेळी बोलायची आहेत. घर आणि वाट दोन्ही एकाच वाक्यात आली आहेत. नाझरेथच्या घरातही असेच असले पाहिजे. तेथे स्तोत्रे पाठ होत असतील, आणि वर्षातून एकदा यरुशलेमची लांबची वाट पायांखालून जात असे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये सापडला तेव्हा तो काय करीत होता, हे संत लूकने नीट नोंदवले आहे. पाठ केलेले तो म्हणून दाखवीत बसला नव्हता. तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. पाठांतराची खरी परीक्षा ती हीच, असे आम्हांला आता वाटते. पाठ केलेले वाक्य वाटेवर कशाला तरी धडकते आणि मुलाच्या तोंडून प्रश्न निघतो. तोपर्यंत ते केवळ साठवण असते.

आमच्या घरी तो प्रश्न त्याच फेब्रुवारीत, पैठणच्या नाथसागरावर निघाला. २०२० च्या पावसाळ्यात धरण भरले होते. लांबवर पाणीच पाणी, आणि उथळ कडेला हिमालयापलीकडून हिवाळ्यासाठी आलेले चक्रवाक. मुलांना आम्ही सांगत होतो की १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ह्या धरणाचा पाया घातला गेला, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले, ह्याला सत्तावीस दरवाजे आहेत, आणि मराठवाड्यातील केवढी तरी माणसे व शेते ह्या पाण्यावर जगतात. थोरली सहज म्हणून गेली, “तहानलेल्यांना पाणी देणे.” दयेच्या सात कृत्यांतील एक. आम्हांला धन्य वाटले. मग आम्ही सांगितले की ह्या पाण्याखाली पूर्वी गावे होती. एकदोन नव्हे, शंभराहून अधिक. माणसे आपली घरे, देवळे, मशिदी, बापजाद्यांच्या जागा सोडून गेली.

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. नंतर तिने विचारले, “बेघरांना आसरा देणे हेसुद्धा त्याच सातांत आहे ना? मग एक कृत्य करताना दुसरे मोडले, तर ते कसे मोजायचे?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही आजीकडे पाहिले; तीही गप्प होती. थोड्या वेळाने ती एवढेच म्हणाली, “हिला मी इतकं नव्हतं शिकवलं.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती. परतताना गाडीत ती नातीचा हात धरून बसली होती.

तो आजीचा शेवटचा प्रवास ठरला, असे म्हटले तर ते खरे नाही. शेवटचा प्रवास एप्रिल २०२१ मध्ये रुग्णवाहिकेतून झाला. महामारीची दुसरी लाट आमच्या गावातही आली होती. शहरातील रुग्णालयात तिला दाखल केले. आत कोणालाच जाऊ देत नसत. चौथ्या दिवशी संध्याकाळी एका परिचारिकेने आपला फोन तिच्या कानाशी धरला. बोलण्याइतका श्वास तिला राहिला नव्हता. आम्हांलाही काय बोलावे ते सुचेना. तेवढ्यात धाकट्याने, कोणी न सांगता, ‘नमो मारिया’चा पूर्वार्ध म्हणायला सुरुवात केली. रोजच्या जपमाळेत तो पूर्वार्ध म्हणे आणि आजी उत्तरार्ध. पलीकडून तुटक तुटक, शब्द गळत, पण उत्तरार्ध आला. दहा मण्यांपैकी चार मणी झाले. मग परिचारिका म्हणाली, “आता पुरे, त्या थकल्या आहेत.” दोन दिवसांनी आजी गेली.

अंधारात दिसते ते काय, हे त्या चार मण्यांनी आम्हांला समजावले. त्या घडीला आमच्याकडे न फादर होते, न पुस्तक, न जवळ बसण्याची सोय. आईला देण्यासारखे जे काही उरले होते ते सहा वर्षांच्या एका मुलाच्या तोंडात होते, आणि तेथे ते तिनेच ठेवलेले होते.

येथेच लेख संपवावा असे वाटते, कारण येथपर्यंतचा भाग आमच्या मनाला सांत्वन देतो. परंतु पुढचे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१ डिसेंबर २०२१ रोजी पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. धाकटा शाळेचे दार कधी न पाहता एकदम दुसरीत जाऊन बसला. आठवड्याने त्याच्या बाईंनी आम्हांला बोलावले. त्यांनी त्याच्यापुढे पुस्तक उघडले आणि धडा वाचायला सांगितला. त्याने खणखणीत आवाजात सबंध पान म्हटले, एकही चूक नाही. बाई हळूच म्हणाल्या, “त्याचे बोट पाहा.” बोट चौथ्या ओळीवर होते आणि वाणी दहाव्या. बाईंनी एक साधा शब्द वेगळ्या कागदावर लिहून दिला. तो त्याला वाचता आला नाही. थोरलीकडून ऐकून ऐकून त्याने सारे पुस्तक पाठ केले होते.

आम्ही मान खाली घातली. दोष आजीचा नव्हता. ती अक्षर शिकवू शकत नव्हती आणि तसा दावाही तिने कधी केला नव्हता. ते काम आमचे होते. मुलाच्या तोंडून धडाधड शब्द ऐकून आम्ही सुखावलो आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहण्याचे विसरलो. आजी गेल्यावर तर त्याच्या पाठांतरात आम्हांला तिचाच आवाज ऐकू येई. ते थांबवून पाटी पुढे ठेवण्याचे धैर्य झाले नाही. ताण दिला, परंतु पाणी वेळेवर सोडले नाही. बाईंनी मात्र त्याला हिणवले नाही. त्याला जे पाठ होते त्यातलेच शब्द कापून, सुटे करून, त्यांनी त्याला अक्षरे ओळखायला लावली. उन्हाळ्यापर्यंत तो वाचू लागला. साठवण होती म्हणून वाचन लवकर आले, असे त्याच म्हणाल्या.

त्याच सुमारास काही नातेवाईक म्हणत होते, मुलांना घरीच का शिकवत नाही? पुण्यामुंबईकडे काही सुशिक्षित कुटुंबे तसे करतात. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बसता येते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी-आठवीच्या परीक्षाही आहेत. थोरलीचे पाढे आणि प्रश्न पाहून आमच्याही मनात तो विचार घोळला. ज्यांनी तो मार्ग विचारपूर्वक पत्करला आहे त्यांना नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आमचा निर्णय झाला तो शेजारच्या त्या मुलीमुळे. चौथीपुढच्या वर्गांची शाळा आमच्या मुलांच्या आधी, ऑक्टोबरातच उघडली होती. पण ती परत गेली नाही. तिच्या लग्नाची बोलणी चालू असल्याचे कानावर आले. आमच्या पाचोडला अशोक द्याळचंद यांनी उभारलेल्या आरोग्य संस्थेने किशोरवयीन मुलींचे शिक्षण आणि त्यांची लहान वयातील लग्ने ह्यांवर कित्येक वर्षे काम केले आहे. तेव्हा हा प्रश्न आम्हांला नवा होता असे नाही. परंतु आमच्या मागोमाग चाललेल्या मुलीच्या रूपाने तो प्रथमच ओसरीवर आला. थोरलीने आम्हांला विचारले, “घरी राहून मी शिकले. ती पण घरीच होती. मग तिचे शिक्षण कुठे गेले?”

हाही नाथसागरासारखाच प्रश्न होता. ह्याचे उत्तर मात्र आम्हांला ठाऊक होते. आमच्या घरी दोन पदवीधर, एक आजी आणि एक बाग होती, म्हणून घराची शाळा झाली. तिच्या घरी चूल होती आणि कडेवर तान्हे होते. तिच्यासाठी शाळा ही घराबाहेरची एकमेव जागा होती, जेथे कोणी तिला काम न सांगता तिचे नाव घेऊन हाक मारी. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो हक्क दिला आहे. आपली मुले काढून घेतली तर त्या शाळेची काळजी वाहणारे पालक गावात आणखी दोनने कमी होतील, एवढे आम्हांला कळले. आम्ही तिच्या आईवडिलांकडे गेलो, एकदा नव्हे, चारपाच वेळा; तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही बरोबर नेले. बोलणी एक वर्ष पुढे गेली. ती नववीत बसली. त्यापुढचे सारे आमच्या मनासारखे झाले असे नाही. दहावी होताच तिचे लग्न झाले. परंतु दहावीची परीक्षा ती देऊन गेली.

मुले आज शाळेत जातात. ओसरीवरची शाळा मात्र बंद झालेली नाही. तिची वेळ बदलली, एवढेच. दिवेलागणीला जपमाळ, मग पाठांतर, आणि सुट्टीच्या दिवशी वाट. शेजारची मुले असतातच. आता एक नवी रीत आहे: म्हटलेले प्रत्येक वाक्य बोट ठेवून वाचायचेही, आणि आठवड्यातून एक प्रश्न विचारायचा. आम्हांला उत्तर येत नसेल तर तो प्रश्न कोठीच्या दारावर खडूने लिहून ठेवतो. नाथसागराचा प्रश्न अजून तेथेच आहे. पावसाळ्यात तो पुसट होतो. थोरली दिवाळीच्या सारवणात तो पुन्हा गिरवते.

जपमाळेत पूर्वार्ध आता थोरली म्हणते. उत्तरार्ध धाकटा. आजीच्या बाजेवर तो बसतो, आणि वीज गेली तरी थांबत नाही.